जिन्याखालचा मुलगा

रोममधल्या आवेंतीन टेकडीवर संत बोनिफाचियो आणि संत अलेस्सियो या दोघांच्या नावाचं एक जुनं चर्च आहे. तिथे लाकडी जिन्याचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. भाविकांची श्रद्धा अशी, की याच जिन्याखाली अलेस्सियो सतरा वर्षं राहिला आणि तिथेच त्याने प्राण सोडला. वाडा परक्याचा नव्हता, त्याच्या वडिलांचाच होता. वर आईवडील राहत होते, आणि लग्नाच्या रात्री त्याने सोडून दिलेली बायकोही. खाली कोपऱ्यात पडलेल्या भिकाऱ्याला ही माणसं रोज पाहत होती, आणि त्यांना तो ओळखू येत नव्हता.

या कथेवर १६३२ साली रोममध्ये एक ऑपेरा झाला, 'इल सांत'अलेस्सियो'. संगीत स्तेफानो लांदीचं, संहिता जूलिओ रोस्पिल्योसी या तरुण धर्माधिकाऱ्याची. हाच रोस्पिल्योसी १६६७ साली नववा क्लेमेंट म्हणून पोप झाला. ऑपेरा म्हटलं की आपल्याकडच्या रसिकांना मोझार्ट, व्हेर्दी, पुच्चिनी आठवतात. फार जुन्यात शिरलेल्यांना मोंतेव्हेर्दीचा 'ओर्फेओ'. लांदीचं नाव त्या यादीत सहसा येत नाही. २००७ साली फ्रान्समधल्या काँ शहरात हा ऑपेरा मेणबत्त्यांच्या उजेडात, सगळ्या स्त्रीभूमिका पुरुषांकडे देऊन उभा राहिला. त्याचं चित्रीकरण झालं, आणि पुढच्या वर्षी ते डीव्हीडीवर आलं. अडीच तासांहून अधिक लांबीची ही फिल्म मी वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा पाहत आलो आहे. गाणाऱ्याइतकंच महत्त्व ऐकणाऱ्याला देणारा दुसरा ऑपेरा मी पाहिलेला नाही, आणि कॅमेऱ्यामुळे ही गोष्ट जितकी कळते तितकी थिएटरातल्या खुर्चीवरून क्वचितच कळली असती.

मूळ कथा रोमची नाहीच. ती सीरियाच्या बाजूची. एडेसा शहरात पाचव्या शतकात एक अनामिक भिकारी राहत होता, लोक त्याला 'देवाचा माणूस' म्हणत. जुन्या सिरियाक कथेत तो एडेसातच मरतो. त्याचं घरी परतणं, जिन्याखाली राहणं, हा भाग ग्रीक कथनात नंतर जोडला गेला, आणि मग मध्ययुगात ही कथा युरोपभर पसरली. फ्रेंच भाषेच्या अगदी आरंभीच्या काव्यांतलं एक, अकराव्या शतकातलं, याच संतावर आहे. म्हणजे ज्या जिन्यामुळे गोष्ट लोकांच्या काळजाला भिडली तो जिना मागाहून कुणीतरी रचला. ज्याने तो रचला त्याला माणसाचं मन फार चांगलं कळत होतं. दूरदेशी निघून गेलेल्या मुलाचं दुःख काळाबरोबर बोथट होतं; दारात असून हाती न लागणाऱ्याचं होत नाही.

हे वाचताना मराठी वाचकाला आळंदी आठवल्याशिवाय राहणार नाही. विठ्ठलपंत रुक्मिणीबाईंना सोडून काशीला गेले, त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरू आळंदीला आले, पाया पडलेल्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, मग खरा प्रकार उलगडला, आणि त्यांनी शिष्याला घरी परत पाठवलं. त्या परतण्याची केवढी किंमत त्या कुटुंबाने मोजली ते आपल्याला माहीत आहे. पण आपल्या कथेत सोडलेल्या बायकोचा शब्द गुरूंच्या कानी पडतो आणि त्यावर निर्णय फिरतो. अलेस्सियोच्या बायकोचा शब्द त्याच्याही कानी पडतो, रोज पडतो. तो फिरत नाही. लांदीचा सगळा ऑपेरा या न फिरण्यावर उभा आहे.

आता हा ऑपेरा ज्यांनी करवून घेतला त्यांच्याबद्दल. १६२३ मध्ये माफेओ बार्बेरिनी आठवा उर्बान या नावाने पोप झाला. स्वतः लॅटिनमध्ये कविता करणारा, विद्वानांत रमणारा माणूस. त्याने पुतण्यांना जवळ केलं: फ्रान्चेस्को आणि आंतोनियो कार्डिनल झाले, ताद्देओ रोमचा प्रीफेक्ट. घराण्याचं चिन्ह तीन मधमाश्या, आणि त्या काळच्या रोममध्ये जिकडे पाहावं तिकडे त्या कोरलेल्या. सेंट पीटर्समधली बेर्निनीची ती प्रचंड कांस्य छत्री याच पोपच्या काळातली. क्वात्रो फोंतानेजवळ घराण्याचा नवा महाल उभा राहत होता, आणि १६३३ पासून पिएत्रो दा कोर्तोना तिथल्या मोठ्या दालनाचं छत रंगवत होता. याच घराण्याच्या आश्रयाने कार्निव्हलच्या दिवसांत ऑपेरे होऊ लागले. पाहुणे निमंत्रित, तिकीट नाही. व्हेनिसमध्ये तिकीट काढून ऑपेरा पाहता येणारं पहिलं थिएटर सुरू व्हायला १६३२ मध्ये अजून पाच वर्षं होती.

१६३२ चा फेब्रुवारी नीट पाहण्यासारखा आहे. एकीकडे रोममध्ये 'सांत'अलेस्सियो'चे प्रयोग, दुसरीकडे त्याच महिन्यात फ्लोरेन्समध्ये गॅलिलिओचा 'दियालोगो' हा ग्रंथ छापून बाहेर पडत होता. दीड वर्षाच्या आत, २२ जून १६३३ रोजी, गॅलिलिओला रोममध्ये गुडघे टेकून आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं. त्याचा न्याय करणाऱ्या दहा कार्डिनलांत फ्रान्चेस्को बार्बेरिनी होता. निकालपत्रावर ज्या तिघांची सही नाही त्यांतही तो आहे. या ऑपेरामागचा मोठा आश्रयदाताही तोच. १६३४ मध्ये पोलंडचा राजपुत्र अलेक्सांदर कारोल रोमला आला तेव्हा 'सांत'अलेस्सियो' नव्याने बसवून पुन्हा दाखवला गेला, आणि त्याच वर्षी स्वरलिपी छापून निघाली, मंचसजावटीच्या कोरीव चित्रांसकट. ती छापली गेली म्हणून हा ऑपेरा टिकला. त्या काळातले कितीतरी ऑपेरे कार्निव्हल संपताच हवेत विरून गेले.

सोनं, जरीकाम, ढगांवरून उतरणाऱ्या देवता, ज्वाळांत गडप होणारा सैतान, हे सगळं उभं केलं ते सर्वस्व सोडून जिन्याखाली पडलेल्या माणसाची गोष्ट सांगण्यासाठी. यात ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. त्या महालात बसलेल्यांना मोठ्या घराण्यात जन्मणं, घराण्यासाठी लग्न करणं, घराण्यासाठी धर्मपद स्वीकारणं म्हणजे काय ते आतून ठाऊक होतं. अलेस्सियो घराणंच नाकारतो. पुतण्यांनी पुतण्यांपुढे सादर केलेल्या खेळाला हे कथानक निवडलं, यात कुठेतरी खरी ओढ असणारच.

लांदी स्वतः रोमचाच, जन्म १५८७ चा. पोपच्या गायकवृंदात गाणारा. त्याआधी त्याने 'ला मोर्ते द'ओर्फेओ' लिहिला होता, तो १६१९ मध्ये छापलाही गेला. पण तिथे कथा पुराणातली होती. त्या पिढीच्या ऑपेरांत ओर्फेओ, दाफ्ने, आरियान्ना अशीच मंडळी वावरत. 'सांत'अलेस्सियो'मध्ये सैतान आणि देवदूत आहेत खरे, तरी मध्यभागी आहे एक रोमन घर: म्हातारा सिनेटर एउफेमियानो, त्याची बायको, सून, दाई, दोन वात्रट पोरगे नोकर. हे दोघे मार्त्सियो आणि कुर्त्सियो जिन्याखालच्या भिकाऱ्याची टर उडवतात, त्याला हिणवतात. एका प्रवेशात सैतानाशीही टक्कर होते, आणि तो अस्वलाचं रूप घेतो. ही थट्टामस्करी केवळ विरंगुळा म्हणून आलेली नाही. मालकाच्या मुलाला मालकाच्या घरातले नोकर छळतात आणि तो सोसतो, हे त्या हसण्याखाली सतत चालू असतं.

काँच्या प्रयोगाची सूत्रं विल्यम ख्रिस्तीकडे होती. अमेरिकेत बफेलोला जन्मलेला हा हार्प्सिकॉर्डवादक १९७१ मध्ये फ्रान्सला आला, १९७९ मध्ये त्याने 'लेझ आर फ्लोरिसाँ' हा वाद्य-गायनसमूह काढला आणि फ्रेंचांना त्यांचंच विसरलेलं संगीत परत ऐकवलं. 'सांत'अलेस्सियो' त्याने १९९० च्या दशकातच ध्वनिमुद्रित केला होता. तेव्हा त्यात गायिका होत्या. दशकभराने तो या कृतीकडे परतला तेव्हा त्याने रोमची जुनी अट पाळायचं ठरवलं. पोपच्या राज्यात स्त्रियांना रंगमंचावर मज्जाव होता, त्यामुळे मूळ प्रयोगात उंच आवाजाच्या भूमिका कास्त्रातींनी, म्हणजे लहानपणी खच्ची केलेल्या पुरुषांनी केल्या होत्या. ते क्रौर्य संपलं ही चांगलीच गोष्ट. आज त्या जागी काउंटरटेनर असतात: प्रौढ पुरुष, आवाज फुटलेले, तरी वरच्या पट्टीतला पातळ आवाज कमावून गाणारे. इथे अर्ध्याहून अधिक प्रमुख भूमिका अशा गायकांकडे आहेत. अलेस्सियो झालाय फिलिप जारुस्की, बायको माक्स एमानुएल त्सेंचिच, आई शाविएर साबाता. बाप आलँ ब्युए आणि सैतान लुइजी दे दोनातो हे मात्र खर्जातले. देवदूतांच्या वृंदात काँच्या गायनशाळेतली मुलं.

स्त्रीपार्टांची परंपरा असलेल्या आपल्या प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांनंतर याचं नवल उरत नाही. उरतं ते आवाजांमधलं अंतर. जारुस्कीचा आवाज अगदी निर्मळ, जवळजवळ वजनरहित. त्याच्या स्वराला कंप फार थोडा. त्सेंचिचच्या आवाजात रक्त आहे, धार आहे, स्वर वर चढताना तो जरा खरखरीत झाला तरी त्याला चालतं. नवरा इहलोकातून निघून चाललेला, बायको अजून इथेच घट्ट उभी, हे संवादाच्याही आधी त्या दोन गळ्यांतून कळतं. दोघांसाठी हे गायक निवडले तिथेच ख्रिस्तीने अर्धं नाट्य साधलं.

दिग्दर्शक बेंजामिन लाझार त्या वेळी तिशीचा होता. युजीन ग्रीन या दिग्दर्शकाकडे तो सतराव्या शतकातला अभिनय शिकला: त्या काळचे उच्चार, हातांच्या मुद्रा, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहणं. २००४ साली त्याने मोलियेरचं 'ले बुर्ज्वा जाँतियॉम' अशाच पद्धतीने, मेणबत्त्या लावून केलं होतं आणि ते गाजलं. या शैलीत पात्रं एकमेकांकडे फारशी बघत नाहीत. आई सुनेशी बोलते, पण बोलते समोर बघून. हात छातीपासून सुटतात, कोपरात वळतात, बोटं वेगवेगळी उघडतात. दुःखाला एक मुद्रा, नकाराला दुसरी, आकाशाकडे याचनेला तिसरी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे ताठर वाटतं. हा ताठरपणा प्रकाशातून आला आहे हे ध्यानात घेतलं की मग तो खुपत नाही. मेणबत्त्या मंचाच्या कडेला, पायांशी. नट मागे गेला की अंधारात गेला. चेहरा दिसायला हवा तर पुढे यायचं आणि प्रेक्षकांकडे वळायचं. चेहऱ्यावर पांढरा रंग, कपड्यांवर जर, तीही याच कारणासाठी: थोड्या उजेडात जे चमकेल तेच दिसेल.

असा प्रयोग चित्रित करणं ही मोठी कसरत. स्टॅन्ली कुब्रिकला १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग टिपण्यासाठी झाइसने नासाच्या कामासाठी बनवलेली खास लेन्स वापरावी लागली होती. २००७ पर्यंत व्हिडिओ कॅमेरे पुष्कळ सुधारले होते, तरी ज्योत हलते, तिच्याबरोबर चेहऱ्यावरची सावली हलते, आणि दोन पावलांवरचं माणूस काळोखात बुडतं. या फिल्ममध्ये तो काळोख तसाच राहू दिला आहे. कडा पुसट, पार्श्वभूमी तपकिरी-काळी, मध्ये मेणासारखे पिवळे चेहरे. प्रकाश खालून येतो, त्यामुळे हनुवटीची खालची बाजू उजळ, भुवयांची सावली वर कपाळावर. दे दोनातोचा सैतान या उजेडात खरोखर भयंकर दिसतो. त्याच्या तळाच्या सुरांना चेहऱ्याची जोड मिळते.

एक तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे. जवळून घेतलेल्या दृश्यांत हात कापले जातात. ज्या शैलीत अर्धा अर्थ हातांत आहे तिथे चौकट खांद्यांपाशी संपली तर प्रेक्षकाचं नुकसान होतं. भुवया वर गेलेल्या दिसतात, त्या कशाला साथ देत होत्या ते दिसत नाही. या मुद्रा लांबून पाहण्यासाठी घडवलेल्या आहेत, दालनाच्या टोकाला बसलेल्या पाहुण्यासाठी. कॅमेऱ्याला मात्र चेहऱ्याची भूक असते. जिथे संपूर्ण मंच बराच वेळ दिसू दिलाय तिथे लाझारचं काम बहरतं.

आणि तरीही याच जवळिकीने मला या ऑपेराचा गाभा दाखवला. दुसऱ्या अंकात बायको ठरवते, आता वाट पाहायची नाही. यात्रेकरूच्या वेशात निघायचं आणि नवऱ्याला जगभर शोधायचं. सासू म्हणते, मीही येते. जिन्याखाली नवरा आहे. या दोघी घर सोडून त्याच्याच शोधात, कुठे जायचं ते माहीत नसताना, निघाल्या आहेत आणि तो ऐकतो आहे. तो पुढे होऊन त्यांना थांबवू बघतो, पण अनोळखी भिकारी म्हणून. नाव सांगितलं तर सगळं एका क्षणात मिटेल. मग एकटा उरल्यावर त्याच्या मनातली ओढाताण येते. लांदीने हे लिहिलंय ते गाणं आणि बोलणं यांच्या मधल्या त्या मोकळ्या शैलीत, जिथे ताल नटाच्या श्वासावर चालतो आणि साथीला थिऑर्बो या लांब मानेच्या तंतुवाद्यासारखी मोजकी वाद्यं. वाक्य सुरू होतं, अडतं, उलट फिरतं. सैतान साधूच्या वेशात येऊन त्याला नेमकं तेच सांगतो जे आपल्यालाही सांगावंसं वाटत असतं: जा, त्यांना सांग, किती रडवशील? देवदूत आड येतो. ऐकणारा कुणीही असो, त्या क्षणी त्याचं मन सैतानाच्या बाजूने असतं. रोस्पिल्योसीने हे समजून-उमजून केलं असं मला ठामपणे वाटतं. मोह वाईट गोष्टीचा असता तर संताची परीक्षा सोपी होती. इथे मोह दयेचा आहे.

गाणं मुळात बाहेर फेकण्याची कला. मनात आहे ते मोठ्याने सांगायला ऑपेरातली माणसं गातात. लांदीने अशा कलेच्या मध्यभागी असा माणूस बसवला ज्याने सांगायचंच नाही. मंचावर दुसरं कुणी गात असताना त्याला नुसतं असायचं आहे. जारुस्की हे असणं सांभाळतो. बायकोचा विलाप चालू असताना तो काही करत नाही, फक्त मान थोडी वळलेली, ओठ मिटलेले. कॅमेरा गाणाऱ्यावरून सरकून त्याच्यावर येतो तेव्हा स्वर तेच राहतात पण त्यांचा अर्थ पालटतो. मघाशी ते शोक होते, आता ते वार आहेत. १६३४ साली पहिल्या रांगेत बसलेल्या राजपुत्रालाही त्या अंधुक उजेडात एवढ्या जवळून हे दिसलं नसेल.

तो मरतो. मृत्यूचं स्वागत करणारं त्याचं गाणं शांत, गोड, जरासुद्धा न थरथरणारं आहे, आणि त्याची ती निश्चिंती मला दर वेळी अस्वस्थ करते. तिसऱ्या अंकात प्रेताच्या हातात पत्र सापडतं, ते वाचलं जातं, आणि घरच्यांना कळतं. आता लांदी काय करतो ते ऐकावं. बाप, आई आणि बायको तिघं एकत्र गातात. तीन ओळी एकमेकींवर घासत जातात, सुसंवादाला येता येता पुन्हा विसंवादात घसरतात. संहिता संताचा गौरव करते. थोड्याच वेळात देवदूतांचा वृंद येईल, धर्म ही देवता ढगांवरून उतरेल, सगळं स्वर्गीय उजळेल. पण संगीतकाराने आपली सगळ्यात खोल विद्या खर्च केली ती मागे राहिलेल्या या तिघांवर. पोपच्या गायकवृंदातला हा गायक संतत्वावर शंका घेत नव्हता. त्याने एवढंच केलं, की संतत्वाचा खर्च कोणी भरला ते सुरांत मांडून ठेवलं.

पात्रांची यादी पाहिली तर त्यात बापाला नाव आहे, त्याच्या मित्राला आहे, टवाळ पोरांनाही आहे. आईपुढे नुसतं 'आई', बायकोपुढे नुसतं 'वधू'. जुन्या कथेत आईचं नाव आग्लाए असं आलेलं आहे. रोस्पिल्योसीने ते घेतलं नाही. सतरा वर्षं तो परदेशी, सतरा वर्षं जिन्याखाली, आणि चौतीस वर्षांनंतरही ती वधूच.

बार्बेरिनींचं पुढे काय झालं ते थोडक्यात: १६४४ मध्ये उर्बान वारला, नव्या पोपने हिशेब मागायला सुरुवात केली, पुतणे फ्रान्सला पळाले. तिथे सत्तेवर होता माझारँ, जो तरुणपणी रोममध्ये याच घराण्याच्या चाकरीत वाढला होता. १६४७ मध्ये पॅरिसला लुइजी रोस्सीचा 'ओर्फेओ' झाला, तो याच इटालियन वर्तुळातून. काँमध्ये लांदी पुन्हा जिवंत झाला त्यामागे एवढा जुना ऋणानुबंध आहे. अलेस्सियोचा सण मात्र १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला.

ज्यांना एका बैठकीत सगळं पाहणं जमणार नाही त्यांनी दुसरा अंक आधी पाहावा, मग तिसऱ्यातला पत्राचा प्रवेश. चांगले हेडफोन लावावेत, कारण थिऑर्बोच्या तारा टीव्हीच्या स्पीकरमधून नीट ऐकू येत नाहीत. आणि पत्र वाचलं जात असताना उपशीर्षकांवरून नजर काढून साबाता आणि त्सेंचिच यांच्या हातांकडे बघावं. सासूसुनांनी तोवर जे काही मागितलं ते सगळं शास्त्रात बसणाऱ्या मुद्रांनी मागितलं होतं.